बहिरी केलेली आजी

दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून गावी, सिहोऱ्याला आली, सोबत कॉलेजातली मैत्रीण घेऊन. मैत्रीण अंगणात हातपाय धूत होती, तेवढ्यात नातीने मला चुलीपाशी गाठलं. "तिला सांगितलंय, तुला ऐकू येत नाही, बोलणंही सुटलंय. तू बोलू नकोस."

कारण विचारायची गरज नव्हती. पुण्यात तिने आपल्या बोलीतलं 'मले-तुले' टाकून दिलं होतं. माझ्या तोंडून ते निघालं असतं तर तिचं बिंग फुटलं असतं. मी तिचं ऐकलं, पण डोकं तापलं होतं.

जेवताना मैत्रीण माझ्या कानाशी ओरडली, "आजी, डाळ छान झालीये!" मी मान हलवली. मग शेजारीण दारातून नातीला म्हणाली, "कवा आली वो पोरी? मैतरणीले मंडईची जत्रा दाखवजो!" ती जाताच मैत्रीण हसत सुटली. "कसं बोलतात हे लोक! अगदी अडाणी वाटतं. तुझी आजीपण अशीच बोलायची का?"

मी भाताचं पातेलं हातात धरून उभी होते. नात माझ्याकडे बघत होती. मला सगळं ऐकू आलंय, हे तिला माहीत होतं. ती हसली असती तर मी तिला पुन्हा जवळ केलं नसतं.

ती हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, "मीबी घरी असीच बोलतो. हासून काहून राहिली? अन् आजीले सबन आयकू येते."

मैत्रीण लाल झाली. "सॉरी, आजी!" सवयीने ती पुन्हा माझ्या कानाशीच ओरडली.

"हळू बोल वो माय," मी म्हणाले, "कान फुटले माहे. भात घे."