निवास समिती आणि उचगावचं लगीन

आमच्या पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन यंदा कोल्हापुरात, असं जिल्हा कार्यालयात जाहीर झालं तेव्हा एवढा गलका उठला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. दिल्ली नाही, मुंबई नाही, आमचं कोल्हापूर! कुणी पेढे आणायला पळालं, कुणी नुसतंच टेबल बडवत होतं. जिल्हाध्यक्ष माझ्या नवऱ्याचे शाळासोबती. त्या गोंधळातच ते माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, निवास तुमच्याकडं."

"माझ्याकडं? मी एवढं काय केलंय?"

"तुमच्या घरातली चार लग्नं तुमी पार पाडल्यासा. मी सगळीकडं जेवलोय. कुटं गादी कमी पडली न्हाय."

झालं, मी निवास समितीची प्रमुख. पुढारी मंडळी हॉटेलात उतरणार होती, त्यांची काळजी दुसऱ्यांकडं. माझ्याकडं आली ती देशभरातून येणारी साधी प्रतिनिधी मंडळी, म्हणजे शिक्षक, शेतकरी, वकील, दुकानदार. त्यांना मंगल कार्यालयांत उतरवायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटीवर निघाले ती महिनाभर थांबलेच नाही.

पहिल्यांदा जे करत नव्हते ते मी दोन कार्यालयांनंतर शिकले. हॉलकडं बघायचंच नाही, सरळ मागं जायचं. प्रत्येक नळ सोडायचा, प्रत्येक संडासाचं पाणी ओढून बघायचं, गरम पाणी खरोखर गरम येतंय का तिथं हात धरून उभं राहायचं. मग भिंतीवर मोबाइल चार्ज करायचे प्लग किती ते बघायचं, कारण हल्ली माणूस गादीशिवाय झोपेल, पण चार्जिंगशिवाय झोपणार नाही. एका कार्यालयाचा मालक माझ्यामागं फिरून फिरून दमला आणि म्हणाला, "ताई, तुमी कार्यालय बघाय आलासा का पोरीला स्थळ?"

आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत ताटं होतात. मी डबा डिकीत ठेवायची आणि ऊन कलायला लागलं की कुठल्याही कार्यालयाच्या पायरीवर बसून जेवून घ्यायची. फोन एका हातात, भाकरी दुसऱ्या. खरं सांगायचं तर इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. भोजन समितीनं चंदगडच्या कार्यकर्त्यांकडून तांदळाची पोती मागवली होती. ती उतरवताना मी मुद्दाम बघायला गेले, वाहतूक समितीच्या भांडणात विनाकारण पडले, मंडपाचे खांब रोवताना तिथंही दहा मिनिटं उभी राहिले. गावात काहीतरी मोठं होणार होतं आणि ते आपल्या हातून होणार होतं.

अधिवेशन आठवड्यावर आलं तेव्हा मी शहराला लागून असलेल्या उचगावच्या कार्यालयात खोल्यांवर राज्यांच्या नावांच्या पाट्या चिकटवायला गेले. तिथं ईशान्येकडच्या एका डोंगराळ राज्याची मंडळी उतरणार होती. आत गेले तर एक उंच, धोतर-टोपीतले गृहस्थ टेपनं स्टेज मोजत होते. मला वाटलं, मंडपवाल्यांचे कुणी असतील.

"मामा, काय मोजताय?"

"फुलांची कमान बसती का बघतोय. पोरीचं लगीन हाय."

"कधी?"

त्यांनी तारीख सांगितली. अधिवेशनाचा दुसरा दिवस. आदल्या संध्याकाळी हळद.

माझ्या हातातली पाटी खाली पडली. मी म्हटलं, "अहो, हे कार्यालय आम्ही घेतलंय. तीन दिवसांसाठी."

"मी बी घेतलंय की! दिवाळीच्या आदीच."

मालकाला बोलावलं. उलगडा एवढाच झाला की मामांचं बुकिंग मालकाच्या भावानं घेतलं होतं, आमचं मालकानं स्वतः, आणि दोघा भावांचं गेले काही महिने एकमेकांशी बोलणं नव्हतं. मालक बिचारा नुसता घाम पुसत राहिला.

मी मामांना हात जोडले. "मामा, लांबून लांबून माणसं येणार आहेत हो. तीन-तीन दिवस रेल्वेत बसून. तुम्ही दुसरं कार्यालय…"

"ताई," ते शांतपणे म्हणाले, "लगीन हलत न्हाय. पत्रिका गेल्या. तुमचं अधिवेशन हलवा."

त्यांचं चुकत नव्हतं, त्यामुळं मला रागावताही येईना. स्कूटी काढली आणि संध्याकाळपर्यंत सगळं कोल्हापूर पालथं घातलं. लग्नसराई ऐन भरात. एक हॉल मोकळा नाही. शाळांत परीक्षा. लॉजवाले हसायला लागले. अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले, "वैनी, काय बी करा, पण दिल्लीला कळू देऊ नका." त्या रात्री नवऱ्यानं विचारलं, "आपल्याच घरी आणायचे का?" आमचं घर तीन खोल्यांचं. पण त्याच्या त्या बोलण्यानं मला धीर आला एवढं खरं.

सकाळी पुन्हा उचगावला गेले. मालकाला गाठून भांडायचं असं ठरवून गेले होते, पण कार्यालयाच्या फाटकातच मामा मोटरसायकलवर बसलेले. दुधाची किटली अजून अडकवलेली.

"तुमचीच वाट बगतोय," म्हणाले. "किती माणसं म्हणालासा?"

"चाळीसच्या आसपास."

"आमची भावकी एकाच गल्लीत हाय. पंधरा-सोळा घरं. लग्नाचे पावणं गावातलेच हायत, मुक्कामाला कोण न्हाय. एका घरात दोन-तीन माणसं सोपी जातील. काल घरात बोललो. बायको म्हणाली, इतक्या लांबचं पावणं दारात आल्यावर त्यास्नी जागा न्हाय म्हणून सांगायचं व्हय?"

मी म्हटलं, "मामा, भाडं…"

"भाड्याचं नाव काडलासा तर हितनंच परत जावा." मग किटली सोडवत म्हणाले, "एक अट हाय. लग्नाला सगळ्यांनी यायचं. माज्या गल्लीत राहून लग्नाला न्हाईत, असं चालायचं न्हाय."

मी लगेच हो म्हटलं. अध्यक्षांना आनंद झाला, पण पेच पुढंच होता. दिल्लीच्या केंद्रीय कार्यालयातून एक व्यवस्थापक आले होते. कडक इस्त्रीचा कुर्ता, चेहऱ्यावर कधी हसू नाही. त्यांनी ऐकल्याबरोबर मान हलवली. "घरों में? नहीं नहीं. सुरक्षा का क्या? बाथरूम का क्या?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "आप एक बार देखने को तो चलो."

त्यांना घेऊन गेले. पहिल्या घरात ते गंभीरपणे न्हाणीघर बघून आले, तोवर चहा आला. दुसऱ्या घरात न्हाणीघर, चहा आणि चिवडा. तिसऱ्या घरात ते "बस, बस" म्हणाले तर घरची म्हातारी रुसली. म्हणून चहा घेतला. सहाव्या घरात त्यांच्यापुढं ग्लासभर म्हशीचं दूध आलं, वर बोटभर फेस. त्यांनी ते डोळे मिटून संपवलं, रुमालानं मिशा पुसल्या आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले. "बाकी घर देखने की ज़रूरत नहीं. और देखे तो मैं चल नहीं पाऊँगा."

अधिवेशनाच्या आदल्या सकाळी मी शाळेची बस घेऊन स्टेशनवर उभी होते. रेल्वे थांबली आणि डब्यातून आमची मंडळी उतरली. विणलेल्या रंगीत शाली, बांबूच्या टोपल्या, आणि तीन दिवसांच्या प्रवासानं सुजलेले पाय. त्यांच्या नेत्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की फलाटावरचे हमालसुद्धा वळून बघत होते. त्यांचं हिंदी माझ्याइतकंच. त्यामुळं आमचं लगेच जमलं.

बस गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि मीच थक्क झाले. गल्लीभर रांगोळ्या. दारोदारी बायका तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या. पाहुण्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शिक्षिका बाई आधी दचकल्या. मग त्यांना कळलं. त्यांनी आपली शाल काढली आणि मामांच्या बायकोच्या खांद्यावर घातली. दोघी एकमेकींच्या भाषेत बोलत बोलत आत गेल्या. काय बोलल्या ते कुणालाच कळलं नसेल, त्यांनाही नाही.

पहिला दिवस धावपळीत गेला. बाकीच्या कार्यालयांत कुठं टाकी संपली, कुठं दोन राज्यांच्या मंडळींत पंख्यावरून वाद झाला, कुणाला आमचं तिखट सोसेना म्हणून दह्याचे डबे धाडले. उचगावकडून मात्र तक्रार नाही. संध्याकाळी हळदीला गेले तर पाहुणेमंडळींचे गाल नवरीपेक्षा पिवळे.

दुसरा दिवस लग्नाचा. बाईंचं भाषण दुपारच्या सत्राच्या शेवटी होतं, म्हणून मी हिशेब बांधला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसनं उचगावला न्यायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि वेळेत परत. सगळं नीट चाललं होतं. मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. मग बाईंनी मंडळींना खूण केली आणि त्यांनी उभं राहून त्यांच्या भाषेतलं लग्नाचं गाणं म्हटलं. पोरंसोरंही पुढं सरकून बसली. वाजंत्रीवाला तर सनई मांडीवर ठेवून ऐकत होता.

पंगतीत बसलो. मसालेभात पानात पडला आणि माझा फोन वाजला. दिल्लीचे व्यवस्थापक. "बहनजी, कार्यक्रम बदल गया. उनका नाम सत्र की शुरुआत में है. कहाँ हैं आप लोग?"

माझ्या हातातला घास पानात पडला. बस गल्लीत अडकलेली, तिच्यापुढं वऱ्हाडाच्या गाड्या. मी धावत बाहेर आले आणि इकडं तिकडं बघायला लागले. मामा फेटा सावरत मागून आले. "काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी एक क्षणही विचार केला नाही. फाटकातच नवरदेवाची गाडी उभी होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली, बोनेटवर गुलाबांचं हृदय. "हिच्यातनं जावा!"

"अहो, पाठवणीची गाडी!"

"पाठवणीला अजून टाइम हाय. ड्रायव्हर, सोड रं!"

बाई पानावरून उठल्या, हात न धुताच गाडीत बसल्या, मी शेजारी. पानातली जिलेबी त्यांनी हातातच आणली होती. महामार्गाला लागलो तसे सगळे आमच्याकडं बघायला लागले. चौकात एका ट्रकवाल्यानं नवरी समजून हॉर्न वाजवून शुभेच्छा दिल्या. बाईंनी गंभीरपणे हात हलवला. मला हसू आवरेना, आणि नजर सारखी घड्याळाकडं.

मंडपाच्या फाटकावर पोलिसानं काठी आडवी धरली. आत वाकून बघितलं. पुढं ड्रायव्हर, मागं आम्ही दोघी पन्नाशी ओलांडलेल्या.

"नवरदेव कुटं हाय?"

"मागनं येतोय," मी म्हटलं. "ह्या बाईंचं भाषण आहे. नाव पुकारतायत, ऐका!"

खरंच पुकारत होते. स्पीकरवरून त्यांचं नाव दुसऱ्यांदा आलं. पोलिसानं काठी उचलली आणि स्वतःच पुढं पळत गर्दी बाजूला केली. बाईंनी उरलेली जिलेबी माझ्या हातात दिली, पदरासारखी शाल सावरली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या.

महिनाभर त्या मंडपासाठी राबले होते, पण तो उभा राहिल्यावर आत मी त्या क्षणी पहिल्यांदा पाऊल टाकलं. केवढा तो मंडप! शेवटच्या रांगेत उभी राहिले. बाई माइकपुढं दिसतसुद्धा नव्हत्या. कुणीतरी पाट आणून दिला. मग तो आवाज घुमला. त्यांच्या डोंगरातल्या शाळा, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दवाखान्यापर्यंत खांद्यावरून न्यावी लागणारी माणसं. मोडक्या हिंदीत, कागद न बघता. लोक आधी कुजबुजत होते, मग पुढं झुकून ऐकू लागले. शेवटी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. शेजारी कोण उभं आहे ते न बघताच मी त्याचा दंड धरून म्हटलं, "आमच्या उचगावची आहे ती!"

तो अध्यक्षांचाच दंड होता. ते म्हणाले, "व्हय की वैनी, आता सोडा, दुखतंय."

गाडी वेळेत परत गेली. फुलं थोडी कमी झाली होती, पण पाठवणी थाटात झाली असं मामांनी फोनवर सांगितलं. दुसऱ्या सकाळी गल्लीतून बस निघाली तेव्हा टोपल्यांत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि काय काय भरलेलं होतं, आणि बायका रडत होत्या. दोन्हीकडच्या.

मंडप उतरवायला घेतला त्या दुपारी दिल्लीचे व्यवस्थापक निरोप घ्यायला आले. म्हणाले, पुढचं अधिवेशन दुसऱ्या राज्यात आहे, तिथल्या निवास समितीला तुम्ही येऊन शिकवाल का?

"येईन की," मी म्हटलं. मराठीतच.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला, "मला विचारलंस का?"

"आत्ता विचारते."

"जा," तो म्हणाला. "पण तिथं गेल्यावर नळ सोडून बघायचं काम आधी कर."