मस्कतची परात

माणूस मस्कतहून परत आला, पण त्याचं तोंड तिकडेच राहिलं, असं सुनंदाबाईंचं ठाम मत होतं. एकोणनव्वद साली आधारभाऊ अमळनेरला परतले, तेलाच्या मिलमध्ये पुन्हा फिटर म्हणून लागले आणि बायकोच्या मागे कायमचा भुंगा लावून बसले.

बरं, सांगायचं तर काही थाटाचं सांगावं! उंच इमारती, मोठमोठी जहाजं. ते नाही. यांचं आपलं एकच, शुक्रवारची सुट्टी, खोलीत आठ जण, मध्ये एक परात आणि तिच्यात आठ जणांचे हात. "केरळचे, बिहारचे, आपला पारोळ्याचा लोटन पाटील. कोण कुठला, कोणाचा कोण, कोणी विचारलं नाही बघ." खिचडी आधारभाऊ करायचे, वरून कच्चं तेल. लोटनचा हात परातीत सगळ्यांच्या आधी. तापानं फणफणला तेव्हा त्याला घासही यांनीच भरवले. "भाऊच तो माझा."

धान्य निवडताना हेच, पाहुणे आले की हेच. एकदा तर चुलतसासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना संपून पंगत बसते न बसते तोच यांची परात निघाली. सुनंदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, एवढा भाऊ आहे तर भेटत का नाही त्याला? पारोळा काय समुद्रापलीकडे आहे?"

"जाऊ की."

हे 'जाऊ की' वर्षभर चाललं. सुनंदाबाई म्हणायच्या, आळशी आहे हा माणूस. शेवटी थंडीतल्या एका रविवारी त्यांनी नवी साडी नेसली आणि नवऱ्याला अक्षरशः ओढत एसटी स्टँडवर नेलं.

पारोळ्यात त्यांना दारात बघताच लोटन धावत आला. त्यानं आधारभाऊंचे दोन्ही हात धरले. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. "भरीत खाईसनच जावानं," तो म्हणाला. आधारभाऊंचा चेहरा असा उजळला, की इथवर ओढून आणल्याचं सुनंदाबाईंना समाधान वाटलं.

मग लोटनची आई, द्रौपदाबाई, बाहेर आली. गाव विचारलं, आडनाव विचारलं, अमळनेरात घर कोणत्या वस्तीत तेही विचारलं. आधारभाऊंनी सगळं सरळ सांगितलं. "बरं," म्हातारी म्हणाली.

घरात ताटं मांडली गेली. या दोघांना ओट्यावर पत्रावळी. पाणी वरून, ओंजळीत. लोटन उंबऱ्याच्या आत ताटावर बसला आणि खाली मान घालून भाकरी कुस्करू लागला.

सुनंदाबाईंचं डोकं तडकलं. उठून चालू लागावं असं वाटलं, पण आधारभाऊ मुकाट्यानं जेवत होते. नवऱ्याचाच जास्त राग आला त्यांना.

म्हातारी वाईट नव्हती. उंबऱ्याशी बसून आपुलकीनं बोलत होती. "तठे मना लोटनले ताप उना व्हता. कोन्ही तरी खिचडी करीसन चारी त्याले. देव त्यानं भलं करो."

"अक्का, ते हेच!" सुनंदाबाई बोलून गेल्या. "ह्यांनीच भरवलं त्याला!"

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. लोटनचा घास हातातच राहिला. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं.

"नही माय," लोटन म्हणाला. "तो दुसरा व्हता. केरळना."

सुनंदाबाई आता काय ते सुनावणार, तेवढ्यात आधारभाऊंनीच मान वर केली. "हो अक्का, दुसरा होता तो. भला माणूस." आणि आपली पत्रावळ स्वतःच उचलून ते ओटा उतरले.

एसटीत सुनंदाबाईंनी त्यांना असं झाडलं, की कंडक्टर वळून बघू लागला. "का खोटं बोललात? काय नडलं होतं?"

"त्याला त्या घरात राहायचंय," आधारभाऊ म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

आधारभाऊंनी दोघांची तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. त्यानंतर घरात त्यांनी मस्कतचं नाव काढलं नाही. जेवायला बसत, जेवत आणि उठत. सुनंदाबाईंना इतके दिवस हेच तर हवं होतं. आता मात्र पारोळ्याला जाऊन त्या लोटनचा गळा धरावा असं त्यांना रोज वाटे, कारण आपल्या नवऱ्यापाशी सांगण्यासारखं होतं तेवढंही तो घेऊन गेला होता.