प्रभाबाई आणि तिसरी कॉइल

उधव्याच्या आमच्या शाळेत प्रभाबाई मराठी शिकवायच्या. शिक्षकखोलीत वह्या तपासताना बाहेर गाडी आली, की मान वर न करता सांगायच्या, "पाटील सर आले. क्लच अजून घाईतच सोडतात." त्यांच्या वडिलांचा चिकूचा टेम्पो होता. लहानपणी त्या वडिलांच्या शेजारी बसून डहाणूहून वापीपर्यंत जायच्या. टेम्पो रस्त्यात बंद पडला, की वडिलांच्या हातात नट खोलायचे पाने द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्या गाडीमुळे. मी डहाणूहून यायचे. घरी मुलगी तान्ही. गाडी जुनीच घेतलेली, पण तिच्यामुळेच वेळेत घरी पोचायचे. एका सकाळी गंजाडच्या पुढे ती थरथरायला लागली. चढावर अडखळायची, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. तलासरीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून नुसतं ऐकलं आणि म्हणाला, "बेन, एन्जिन खोलवुं पडशे." म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं, खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. नवऱ्याचं मत पडलं, की गाडी विकावी आणि मी तलासरीत खोली घ्यावी. मुलीला आठवडाभर सोडून राहणं मला शक्य नव्हतं. शिक्षकखोलीत मी राजीनाम्याचं बोलले.

"राजीनामा नंतर दे," प्रभाबाई म्हणाल्या. "आधी किल्ली दे."

शाळा सुटल्यावर त्यांनी मैदानातच पदर खोचला. "एका वेळी एकच गोष्ट तपासायची," त्या म्हणाल्या. "दोन हलवल्या, की फरक कशाने पडला ते कळत नाही."

इंजिनावर ओळीने कॉइली होत्या, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी एक. इंजिन चालू ठेवून त्यांनी पहिल्या कॉइलच्या वायरचं टोक काढलं. आवाज लगेच बिघडला. "ही काम करतेय." टोक परत लावलं. दुसरीचंही तसंच झालं. तिसरीचं काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काहीच बदललं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे ही आधीपासूनच गप्प बसलीय."

इंजिन गार झाल्यावर त्यांनी ती कॉइल उपसली. तिचं रबर ऑइलने निथळत होतं. खाली स्पार्क प्लगच्या खळग्यातही ऑइल साचलेलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, रबरी पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. तिथून ऑइल झिरपायचं आणि त्या सिलिंडरला ठिणगीच नीट मिळायची नाही.

"मग पुसून टाकू या?"

"पुसलंस तर आज घरी जाशील आणि परवा पुन्हा रडशील. पॅकिंग बदलायचं."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर गॅरेजात आल्या. "भाई, एन्जिन रहेवा दे. पहेला आ जो," असं त्याच्याच गुजरातीत म्हणत त्यांनी तो खळगा आधी बघायला लावला. त्याने बोट घालून बघितलं. "बराबर छे, बेन," म्हणाला आणि कामाला लागला. पॅकिंग, प्लग आणि ती कॉइल नवी बसवल्यावर गाडी चढ सहज चढली. मी राजीनाम्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

प्रभाबाई आगरला राहायच्या. त्या दिवसापासून त्या माझ्याच गाडीने येऊ लागल्या. पण कुठे जरा खडखड झाली, की मी त्यांच्याकडे बघायचे. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "मी मागे बसते. तू रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे बघतेस." निवृत्त होईपर्यंत त्या मागेच बसल्या. सुरुवातीला मागून गिअरबद्दल काहीबाही सांगायच्या. पुढे तेही कमी झालं.

एका दुपारी मी सहज आरशात बघितलं. पर्स मांडीवर ठेवून, मान कलती टाकून त्या गाढ झोपल्या होत्या. आगर येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.