शिगोशीग पाटी

तुळशीचा ओटा सारवायला सूनबाईने काल पांढरी माती भिजवली. तो वास आला आणि मी हातातले पुस्तक मिटले.

निजामाच्या राज्यात, केदारखेड्याजवळ आमचे गाव होते. तिथल्या देवळाच्या सभामंडपावर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे माळवद. ते गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात प्रत्येक घराने एक पाटी पांढरी माती वर टाकायची, ही देवाची सेवा. त्या वर्षी आमची पाटी मी नेली; मी बारा वर्षांची होते. आई सोबत होती. वर रहीमचाचा गवंडी माती पसरत होते.

"आधी जुनी माती काढा, मंग नवी टाका," ते म्हणाले. "तुळया वाकू राह्यल्या."

"देवाला वाहिलेली माती खाली फेकायची व्हय?" आई हसली. "चाचा, तुमीच वाकले, म्हणून तुळया वाकड्या दिसतात."

श्रावणात ते माळवद भिजून जड झाले आणि पोथी ऐकणाऱ्या बायांवर कोसळले. आई त्यांच्यातच गेली. रहीमचाचा हातांनी चिखल उपसत राहिले. संध्याकाळी मी त्यांना विचारले, "माझी पाटी लई भरली व्हती का?"

"न्हाई बेटी. तुझी बिलकुल हलकी व्हती."

पाटी शिगोशीग होती. माझ्या डोक्यावरून ती त्यांनीच दोन्ही हातांनी, कण्हत उतरवली होती, हे काल ओट्यापाशी आठवले. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षे शांत झोपले.