वाफसा येईपर्यंत

आबा वाकून मूठभर माती उचलायचे, दाबून तिचा गोळा करायचे आणि कमरेच्या उंचीवरून तो सोडून द्यायचे. गोळा पडून तसाच बसला, की खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायचे. मग हात धोतराला पुसत म्हणायचे, "आते नही."

म्हणजे आत्ता नाही. मग कधी, ते सांगायचे नाहीत. तुमच्या शेजारीही असा एखादा म्हातारा असेल. तो विचारल्याशिवाय येतो, आणि विचारलं तर गप्प बसतो.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला एका जिनिंग फॅक्टरीत आमचे हे फिटर होते. फॅक्टरीमागे कामगारांच्या खोल्या, आणि खोल्यांच्या मागे तारेचं कुंपण घातलेला एक तुकडा. कधीकाळी तिथे कुणी भाजी लावायचं म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे छातीएवढं काँग्रेस गवत, वेडी बाभूळ आणि गंजके डबे होते.

मी कोकणातली. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. धुळ्यात भाषा कळेना, पाणी पचेना, ऊन सोसेना. सहा महिन्यांत मी इतकी वाळले की हे एकदा म्हणाले, "तुला नाहीच करमत, तर दिवाळीला माहेरी जा. मग बघू." त्यांनी काळजीनेच म्हटलं असेल. पण ते 'मग बघू' माझ्या छातीत रुतून बसलं. माहेरी परत आलेल्या मुलीला गाव कसं बघतं, ते मला ठाऊक होतं.

म्हणून मी फॅक्टरीच्या मुनीमजींकडे तो तुकडा मागितला. इथल्या मातीत माझ्या हातचं काही उगवलं, तर मी इथे राहीन, असं मनाशी धरून.

मुनीमजी म्हणाले, "घ्या की वहिनी. पण दिवाळीनंतर कापूस येतो, गाड्या उभ्या करायला जागा पुरत नाही. दिवाळीला जेवढं हिरवं दिसेल तेवढं तुमचं. पडीक दिसेल तेवढं गाड्यांना."

दुसऱ्या दिवसापासून आबा कुंपणाशी येऊन बसू लागले.

आबा आमच्या शेजारच्या खोलीत मुलाकडे राहायचे. मुलाचा स्वतःचा ट्रक होता, फॅक्टरीच्याच गाठी वाहायचा. गावाकडे आबांच्या वाट्याला आलेली जमीन विकून तो ट्रक घेतलेला. आबा त्या ट्रकला कधी पाठ टेकत नसत. रस्त्यावर त्याच्या सावलीत सगळे म्हातारे बसायचे, आबा उन्हात.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. रेडिओवर पावसाचा अंदाज लागला, की ते बाहेर येऊन स्वतः आभाळ बघायचे. दुकानातून आणलेले धने दाताखाली फोडून बघायचे. माझ्यावर तर मुळीच विश्वास नव्हता. मी मासे खाणारी. माझ्या घरातून सुक्या बांगड्याचा वास आला की कुंपणापलीकडून विचारायचे, "माय, मच्छी माटीमा पुरशी नही ना?" खरं सांगते, आमच्याकडे माडाच्या मुळाशी घालतात, तशी सुक्या मासळीची कुटी घालावी असं माझ्या मनात आलंही होतं. यांना कसं कळलं, याचीच मला धास्ती वाटली.

मी गवत उपटायला लागले. हातांना खाज, अंगावर गांधी उठल्या. आबा काठीने दाखवायचे, "मुयी ऱ्हायनी." मुळी राहिली. मी परत उकरायची. काठी पुढे सरकायची. "ती बी ऱ्हायनी." आठ दिवसांत जमीन उघडी झाली. काळीभोर, भेगाळलेली. आमच्याकडच्या तांबड्या मातीपुढे ती मला परक्या माणसाच्या तोंडासारखी वाटायची. हसते की रागावते, काही कळायचं नाही.

पितृपक्षात दोन दिवस जोराचा पाऊस लागला. मला आनंद झाला. आमच्याकडे जमीन भिजली की कुदळ घ्यायची. वाळली की ती दगड होते, मग कोण खणणार? पाऊस उघडला त्या सकाळी मी कुदळ घेऊन गेले, तर आबा तिथे आधीच वाकलेले. गोळा केला, सोडला, बघितलं.

"आते नही."

"का हो आबा?"

"माटी वल्ली शे."

ओली आहे म्हणूनच तर खणायची. पण वडीलधारा माणूस, मी परत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवाळीला महिना उरलेला. चौथ्या दिवशी नळावर समोरच्या खोलीतल्या अक्का मला म्हणाल्या, "काय गं, बसलीस ना हातावर हात ठेवून?"

"आबा थांब म्हणतात."

"म्हणणारच. त्यांच्या पोराचा ट्रक रस्त्यावर उभा राहतो. पोरानं मुनीमजींना त्या जागेचं विचारून ठेवलंय. तू कोकणातली भोळी ती भोळीच."

म्हातारा रोज का येतो, उन्हात का बसतो, थांब का म्हणतो, सगळं एका दमात उलगडलं. मी घागर तशीच ठेवली, कुदळ घेतली आणि कुंपणात शिरले. आबा देवळात गेले होते.

पहिल्या दहा घावांतच कळायला हवं होतं. माती कुदळीला चिकटायची, सुटायचीच नाही. पायाला मणभर चिखल. पण मी रागात होते. दुपारपर्यंत कोपऱ्यातला तिसरा हिस्सा उलथा केला. मोठमोठी चकचकीत ढेकळं, कुदळीचं पातं उमटलेली.

संध्याकाळी आबा आले आणि कुंपणाची तार धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कसाले घाई करस, माय?"

"मला सगळं कळतं आबा," मी म्हणाले. "तुमच्या मुलाला इथे गाडी लावायची आहे. म्हणून मला थांबवत होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता. गोळ्याकडे बघत तसंच बघत होते, फुटतोय का. मग काठी टेकत निघून गेले.

तीन दिवस कडक ऊन पडलं. माझी ढेकळं वाळून विटा झाली. कुदळीचा दांडा मोडला, पण ढेकूळ मोडेना. राखाडी, धारदार, अनवाणी पाय ठेवला तर कापेल असं. तेव्हा कुठे मला उमजलं. काळ्या जमिनीला वाफसा यावा लागतो. ओल उतरून माती भुसभुशीत व्हावी लागते. तोवर तिला हात लावला तर ती वर्षभर सूड घेते. हे इथलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण मी कुणाला विचारायची? ज्यांनी सांगितलं त्यांच्यावरच मी आळ घेतला होता.

चौथ्या दिवशी सकाळी आबा आमच्या दाराशी आले. पहिल्यांदाच. खांद्यावर त्यांची स्वतःची कुदळ.

"आज," ते म्हणाले. "आतेच चाल. सकाय नही."

सकाय म्हणजे उद्या. तव्यावर भाकरी होती. आणि खरं सांगायचं तर मनात अजूनही किडा होताच, की आता यांची घाई कशासाठी? पण आबा थांबले नव्हते, चालू लागले होते. मी तवा उतरवला.

उरलेली जमीन लोण्यासारखी कापली गेली. कुदळ पडली की माती आपोआप सुटायची, हातात रव्यासारखी. सत्तरीचा म्हातारा माझ्या पुढे खणत होता. दुपारी त्यांचा मुलगा ट्रक लावून आला आणि कुंपणाशी थबकला.

"आबा, मी मुनीमजींशी या जागेचं बोललो होतो ना?"

म्हणजे अक्का खोटं बोलल्या नव्हत्या. मी मान वर केली नाही.

"व्हई," आबा खणत खणत म्हणाले. "माले ठाऊक शे."

"मग ट्रक कुठे लावू?"

"ट्रक कोठेबी उभा ऱ्हास. मेथी कोठेबी उगस का?"

मुलगा ट्रककडे वळला. "सून तुमची उपाशी वाट बघतेय, आणि तुम्ही दुसऱ्याचं शेत करा," असं पुटपुटून गेला.

संध्याकाळपर्यंत वाफे झाले. मेथी, धने, पालक, कडेला गिलक्याचं, म्हणजे आमच्या घोसाळ्याचं, आळं. मी सगळं परत एकदा निरखत होते. आबाही निरखत होते, मी बी दाट तर टाकलं नाही ना. मला त्यांची माफी मागायची होती. ते म्हणाले, "पानी जपीसन दे." तेवढ्यात माझं राहून गेलं.

पाचव्या दिवशी मेथीने डोकं वर काढलं. त्या सकाळी मी यांना हात धरून तिथे नेलं. हे म्हणाले, "अरे वा." मला तेवढं पुष्कळ होतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुनीमजी आले. मागे फॅक्टरीतले पाचसहाजण, आबांचा मुलगा, आमचे हे. हिरव्या वाफ्यांवरून मुनीमजींनी नजर फिरवली, मान डोलावली. मग काठी कोपऱ्याकडे गेली.

"आणि इथे काय विटा पाडल्यात?"

सगळे हसले. सगळी शेतकऱ्यांची पोरं. ओल्यात खणलेलं रान त्यांना लांबून ओळखू येतं.

"हा हिस्सा पडीकच म्हणायचा," मुनीमजी म्हणाले. "इथे एक गाडी बसेल. एक गाडी आली की चाकं वाफ्यातून जाणार, म्हणजे मग सगळंच..." ते थांबले. "कोणी खणलं हे ओल्यात?"

हे माझ्याकडे बघू लागले. मला यष्टीचा तो लाल पत्रा आणि माहेरचा रस्ता दिसायला लागला.

"मी," आबा म्हणाले.

सगळे आबांकडे वळले.

"ती चूक मनी शे. मीच तिले सांगेल व्हतं, वल्लीमाच खण म्हणीसन."

"आबा, तुम्ही?" मुनीमजींचा विश्वास बसेना. "पन्नास वर्षं काळं रान केलेला माणूस?"

"म्हातारपन," आबा म्हणाले. "पुढला पानीमा फुटी जाई ते. तोवर ऱ्हाऊ द्या."

कोणीतरी मागून खुसखुसलं. मग दुसरा. मग मोठ्याने हसले. आबांचा मुलगा तेवढा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. मुनीमजी म्हणाले, "बरं, आबांची चूक म्हणून पुढच्या पावसापर्यंत सोडतो." आबा खाली बघत काठीने माती उकरत होते. पन्नास वर्षांत ज्यांच्या मातीला कोणी नाव ठेवलं नव्हतं, ते आबा.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मिटून घेतलं.

फाल्गुनात आबा लेकीकडे नशिराबादला गेले आणि त्याच उन्हाळ्यात तिथेच वारले. पुढच्या पावसात ढेकळं विरघळली. तिथे मी वांगी लावली. मी माहेरी गेले ती बाळंतपणाला, आणि परत आले.

फॅक्टरीत मात्र आबांची ती गोष्ट उरली. कुणाचं काम फसलं की म्हणायचे, "आबांचा वाफसा झाला बघ." मी यांचा चहा घेऊन गेले तरी माझ्यासमोर म्हणायचे. एकदा मला राहवलं नाही. आबांचा मुलगा दारात दाढी करत होता. मी त्याला सगळं सांगितलं. कुदळ माझी, राग माझा, आबांनी मला तीन दिवस थांबवलं होतं.

त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"राहू द्या वहिनी," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात."

मी शपथ घेतली. त्याने वस्तरा पाण्यात बुडवला, गालाला लावला, आणि माझ्यावर विश्वास न ठेवता तो दाढी करत राहिला.