साताचं चिन्ह
माझा राग लई वाईट, आधीच सांगते.

मी आठवीत असताना गावच्या शाळेत गणिताच्या सरांचा एक रिवाज होता. ज्याचं उत्तर चुकलं, त्यानंच ओढ्यावर जाऊन निरगुडीचा फोक तोडून आणायचा आणि त्याच फोकानं मार खायचा. नवखं पोर बारीक फोक आणायचं, कमी लागेल म्हणून. पण बारीक फोकच कातडीत घुसतो. पहिल्याच दिवशी मला ते कळलं, मग वर्षभर मी जाडच आणला. माझं चुकायचंही एकाच ठिकाणी. बीजगणितात राशीतून राशी वजा करायची म्हटली की कंसातल्या पहिल्या पदाचं चिन्ह तेवढं मी बदलायचे, पुढचं तसंच ठेवायचे. सर दात-ओठ खाऊन हाणायचे. हात इतके सुजायचे की भाकरी मोडता यायची नाही. वडिलांना दाखवले तर म्हणायचे, "मारत्यात म्हंजे शिकवत्यात."

आता माझी लेक आठवीत आहे, बसनं महाळुंग्याच्या इंग्रजी शाळेत जाते. मागच्या रविवारी चाचणीसाठी मी तिला घेऊन बसले. पाच एक्स अधिक तीन, यातून दोन एक्स वजा सात ही राशी वजा कर म्हटलं. तिनं उत्तर काढलं, तीन एक्स अधिक दहा. माझं आलं तीन एक्स वजा चार. पुन्हा कर म्हटलं, तर तिनं पुन्हा दहाच लिहिले आणि वर म्हणाली, "बरोबर आहे, आई."

माझं टाळकंच सरकलं. "उलट बोलतीस व्हय? जा, कुंपनाची निरगुडी तोडून आन."

ती बारीक फोक घेऊन आली. मला ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. एकाच तळहातावर चार हाणले. चौथ्याला कातडी फुटली आणि वहीवर रक्त पडलं. ती रडली नाही. चांगल्या हातानं तिनं पुस्तकाची शेवटची पानं उघडली, उत्तरावर बोट ठेवलं. तीन एक्स अधिक दहा.

"कंसाबाहेर वजा असलं की आतल्या सगळ्यांची चिन्हं बदलतात, आई. साताचं पण."

वर्षभर मार खाऊन मला एवढं आलं नव्हतं. लाज वाटली, स्वतःचा संताप आला. फोक लांब भिरकावला आणि तिचा फुटलेला हात बघायला माझा हात पुढं केला.

तिनं मुकाट्यानं दुसरा तळहात पसरला.