पोपटाचा डोळा

नव्या मॅटी कापडाला खळीचा कोरडा वास असतो. गेल्या महिन्यात लातुरात लेकीसाठी मॅटी घेतली आणि त्या वासानं मला थेट रेणापुरात, आत्याच्या ओसरीवर नेऊन बसवलं.

आत्या मला फुलीचा टाका शिकवायची. मी डावखुरी, त्यामुळं माझी प्रत्येक फुली उलटी झुकायची. "लई घाई करायलीस," ती म्हणायची. "पर पोपटाचा डोळा तेवढा सोड. पहिल्या पाखराचा डोळा शिकवणारीनं भरायचा असतो. मी देते भरून."

त्याआधीच ती गेली. पोपट माझ्या पेटीत होता, पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. तेराव्याला भर दुपारी पेटी उघडली, तर डोळा भरलेला. एकच काळी फुली, आत्यासारखी सरळ झुकलेली. दोऱ्याला सुई अजून लोंबत होती. मी कापड फेकून किंचाळत पळाले.

आता भीती वाटत नाही. आत्यानं शब्द पाळला, एवढंच वाटतं.

लेकीचा पोपट डोळा सोडून पुरा झालाय, माझ्या त्याच पेटीत ठेवलाय. त्याचा डोळा आता मी भरायचा. पण आठ दिवस झाले, मी सुईला हात लावलेला नाही. रोज सकाळी पेटी उघडून आधी तो डोळा बघते.